रात्रीच्या सभेचे सूत्रधार: त्यांची स्पर्धा व त्यांची लोकप्रियता

दिवस कामाचा आणि रात्र गोष्टीची, असा मनुष्यजातीचा फार पुरातन शिरस्ता आहे. शेतकरी असो वा कारकून असो, दिवसभर त्याची जीभ प्रयोजनापुरतीच चालते. परंतु जेवणखाण आटोपून, गुरांस वैरण घालून माणसें ओसरीवर बसलीं म्हणजे त्यांस कोणी तरी बोलणारा हवा असतो. हा बोलणारा कथा सांगेल, आल्यागेल्याची विचारपूस करील, रावापासून रंकापर्यंत सर्वांची थट्टा करील, आणि शेवटीं श्रोत्यांस हलक्या मनानें निजावयास पाठवील. अशा मनुष्यास आम्ही या लेखांत 'रात्रीच्या सभेचा सूत्रधार' असें म्हणणार आहों. त्याचा धंदा कसा चालतो, एकाच धंद्यांतील दोघांत वैर कां माजतें, आणि लोकांचा जीव एकावर जडून दुसऱ्यावर कां जडत नाहीं, या तीन प्रश्नांचा विचार करण्याचें येथें योजिलें आहे. विषय वरवर केवळ करमणुकीचा दिसेल. परंतु आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांस असल्या एखाद्या सूत्रधाराच्या लकबी पाठ्यपुस्तकापेक्षां अधिक पाठ असतात. सबब शाळेच्या वार्षिकांत हा विषय अप्रस्तुत नाहीं.

आमच्या धाराशिव जिल्ह्यास हा सूत्रधार नवा नव्हे. तुळजापूरच्या भवानीचे उपासक ते 'कदमराई' आणि माहूरच्या रेणुकेचे उपासक ते 'रेणुराई', अशा गोंधळ्यांच्या दोन शाखा सर्वश्रुत आहेत. लग्नकार्य उरकलें कीं रात्रीं अंगणांत चौक भरून दिवटी पाजळतात. संबळ, तुणतुणें व झांज वाजूं लागते. गांवोगांवच्या दैवतांस नांवानें हांक मारून गोंधळाचें आमंत्रण होतें. आणि मग मुख्य गोंधळी, ज्यास नाईक म्हणतात, तो आख्यान लावतो. नाईकाच्या शेजारीं त्याचा साथीदार उभा असतो. तो मध्येंच एखादा भोळा प्रश्न विचारतो, शब्दाचा भलताच अर्थ करतो, नाईकाचें पांडित्य चिमटींत धरतो. नाईक रागावल्याचें सोंग करतो, मंडळी हसतात, आणि कथा एक पाऊल पुढें सरकते. येथें एक मर्म लक्षांत ठेवण्याजोगें आहे. नाईक हा सभेंतील सर्वांत जाणता पुरुष. तरीही तो आपली फजिती आपल्याच साथीदाराकडून, आपल्याच संमतीनें करवून घेतो. जो स्वतःवर हसूं देतो त्याचा इतरांवर हसण्याचा अधिकार लोक आनंदानें मान्य करतात.

गोंधळांत सूत्रधार एकच असतो. दोन सूत्रधार समोरासमोर उभे राहिले म्हणजे काय होतें, हें पाहावयाचें असल्यास शाहिरांच्या कलगी-तुऱ्याकडे वळलें पाहिजे. या दोन पक्षांच्या उत्पत्तीविषयीं अशी आख्यायिका सांगतात कीं, तुकनगीर नांवाचा गोसावी व शहाअली नांवाचा फकीर यांचा वादविवाद एका राजसभेंत झाला. दोघांच्याही विद्वत्तेवर प्रसन्न होऊन राजानें एकास आपल्या पागोट्यावरील तुरा व दुसऱ्यास कलगी दिली. तेव्हांपासून शिवाचें किंवा पुरुषतत्त्वाचें श्रेष्ठत्व गाणारे ते तुरेवाले आणि शक्तीचें किंवा प्रकृतीचें श्रेष्ठत्व गाणारे ते कलगीवाले. आख्यायिकेचा ऐतिहासिक भाग कितीही अल्प असो, तिच्यांतील भाव मोठा सुंदर आहे. कलगी व तुरा हे दोन्ही अलंकार मूळच्या एकाच पागोट्याचे!

या सामन्याची रीति अशी. रात्रीं दोन फड समोरासमोर उभे राहतात. एक शाहीर डफावर थाप मारून भेदिक लावणी म्हणतो व तिच्या पोटीं एक कूट घालतो. हें कूट बहुधा पुराणांतील किंवा वेदांतांतील असतें. कधीं नुसतें शब्दांचें कोडें असतें. दुसऱ्यानें त्याचा उलगडा तेथल्या तेथें, गाऊन, शक्य तर त्याच चालींत करावयाचा. आणि उत्तर देऊन झाल्यावर आपला सवाल पुढें टाकावयाचा. असे सवालजवाब पहांट फुटेपर्यंत चालत. जो निरुत्तर झाला त्याचा डफ काढून घेत, असेंही सांगतात. आज कोंकणांत 'शक्ति-तुरा' या नांवानें हा सामना जिवंत आहे, आणि चाकरमान्यांच्या प्रेमामुळें मुंबईच्या नाट्यगृहांतही तो रंगतो.

आमच्या शेजारच्या सोलापूरचे कविराय राम जोशी हे या परंपरेंतील अग्रगण्य शाहीर. ब्राह्मणाच्या घरीं जन्मलेल्या व संस्कृतांत निष्णात अशा या पुरुषानें घरच्यांचा रोष पत्करून तमाशाचा फड जवळ केला. त्यांच्या चरित्रावर १९४७ सालीं निघालेल्या 'लोकशाहीर राम जोशी' या बोलपटांत सवालजवाबाचा प्रसंग इतका रंगला आहे कीं, पुष्कळांच्या मनांत सवालजवाब म्हटलें म्हणजे तोच उभा राहतो. पेशवाईंतील दुसरें प्रसिद्ध नांव होनाजी-बाळा. हें नांव एका व्यक्तीचें नव्हे. होनाजी रचना करी व बाळा करंजकर ती गाऊन सभा जिंकी. त्या दोघांचीं नांवें लोकांनीं अशीं जोडून टाकलीं कीं, आज तीं वेगळीं काढणें कठीण आहे. सूत्रधाराची लोकप्रियता ही अनेकदां जोडीची मिळकत असते, याचें हें जुनें उदाहरण होय.

आतां आपण सातासमुद्रांपलीकडे जाऊं. अमेरिकेंत दूरचित्रवाणीचा प्रसार झाल्यावर तेथील 'एन्. बी. सी.' या कंपनीनें १९५४ सालीं 'टुनाइट शो' हा कार्यक्रम देशभर सुरू केला. त्याचे पहिले सूत्रधार स्टीव्ह ॲलन. घाट अगदीं साधा होता. आरंभीं सूत्रधारानें उभें राहून त्या दिवसाच्या बातम्यांवर विनोद करावयाचे; मग मेजामागें बसून एकेका पाहुण्याशीं गप्पा मारावयाच्या; मध्यें वाद्यवृंद व गाणें; शेजारीं एक साथीदार. आमच्या गोंधळाचा वाचकांस येथें आठव झाल्यास नवल नाहीं. पुढें १ ऑक्टोबर १९६२ रोजीं जॉनी कार्सन त्या मेजामागें बसले, ते २२ मे १९९२ पर्यंत. सुमारें तीस वर्षें अर्धा देश त्यांचें तोंड पाहून निजत असे, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. त्यांचा निरोपाचा कार्यक्रम सुमारें पांच कोटि लोकांनीं पाहिला.

कार्सन यांचें आसन रिकामें होणार, असें दिसतांच दोन दावेदार पुढें आले. एक जे लेनो व दुसरे डेव्हिड लेटरमन. दोघेही लॉस एंजेलिसच्या एकाच लहानशा रंगमंचावर तरुणपणीं विनोद सांगत असत, आणि त्यांचें परस्परांवर प्रेम होतें. लेटरमन हे १९८२ पासून कार्सन यांच्याच मागोमाग, मध्यरात्रीनंतरचा कार्यक्रम चालवीत होते. त्या कार्यक्रमांत वारंवार येऊनच लेनो यांस मोठी कीर्ति मिळाली. परंतु कंपनीनें आसन लेनो यांस दिलें. लेटरमन दुखावले व १९९३ च्या ऑगस्टांत 'सी. बी. एस्.' या प्रतिस्पर्धी कंपनींत जाऊन त्याच वेळेस समोर उभे राहिले. आरंभीं लेटरमन यांच्याकडे प्रेक्षक अधिक होते. १९९५ च्या उन्हाळ्यापासून पारडें लेनो यांच्याकडे झुकलें व पुढें बहुतेक काळ तसेंच राहिलें. कार्सन यांनीं तोंडानें कोणाचाही पक्ष घेतला नाहीं. मात्र निवृत्तीनंतर ते लेटरमन यांच्या मंचावर गेले, आयुष्याच्या अखेरीस त्यांस विनोद लिहून पाठवीत राहिले, आणि लेनो यांच्या मंचावर मात्र कधीं गेले नाहींत. मौन हीही एक भाषाच आहे.

याच कार्सन यांची दुसरी बाजू येथें सांगितलीच पाहिजे. जोन रिव्हर्स ही विनोदी स्त्री त्यांच्या गैरहजेरींत त्यांचें आसन सांभाळीत असे. १९८६ सालीं तिनें दुसऱ्या कंपनींत स्वतःचा कार्यक्रम पत्करला. आपणांस हें आधीं सांगितलें नाहीं, याचा कार्सन यांस एवढा राग आला कीं, २००५ सालीं मृत्यु येईपर्यंत ते तिच्याशीं पुनः बोलले नाहींत. तिचा नवा कार्यक्रम वर्षभरांतच तिच्या हातून गेला. ज्या मुखावर सारा देश लुब्ध होता त्या मुखामागें एवढा कठोर अबोला असूं शकतो! मंचावरील मार्दव व घरांतील स्वभाव हीं एकच असतात असें समजणें भोळेपणाचें आहे.

या स्पर्धेचा तिसरा अंक सर्वांत बोधप्रद आहे. लेनो यांच्यानंतर कोनन ओब्रायन या तरुण सूत्रधारास आसन मिळेल, असें कंपनीनें २००४ सालींच जाहीर केलें, व १ जून २००९ रोजीं तें त्यांस मिळालेंही. परंतु कंपनीस लेनोही हातचे सोडवेनात. तिनें त्यांस रात्रीं दहाचा वेगळा कार्यक्रम दिला. दोन्हींकडे प्रेक्षक घटले. तेव्हां जानेवारी २०१० मध्यें कंपनीनें लेनो यांस पुनः साडेअकराच्या सुमारास आणून ओब्रायन यांस मध्यरात्रीपलीकडे ढकलण्याचा बेत केला. ओब्रायन यांनीं जाहीर पत्र लिहून तो नाकारला. त्यांच्या चाहत्यांनीं भर पावसांत रस्त्यावर येऊन त्यांचा जयघोष केला. तथापि २२ जानेवारी २०१० रोजीं त्यांस आसन सोडावें लागलें, व १ मार्च रोजीं लेनो परत आले. जातांना ओब्रायन यांनीं तरुण प्रेक्षकांस एवढेंच विनविलें कीं, या प्रकरणामुळें मन कडवट होऊं देऊं नका. कष्ट करा व दुसऱ्यांशीं दयेनें वागा.

आतां या वैराचें मूळ कोठें आहे? आमच्या मतें तें स्वभावांत थोडें व व्यवस्थेंत फार आहे. कलगी-तुऱ्यांत जागा दोन असतात. एक शाहीर दुसऱ्यास कितीही टोचो, दुसऱ्यावांचून सामनाच उभा राहत नाहीं. तुरेवाल्याचें पोट कलगीवाल्याच्या हजेरीवर चालतें. शिवाय डफ शाहिराचा, फड शाहिराचा, कवन शाहिराचें. गांव बदललें तरी नांव त्याच्यासंगें जातें. दूरचित्रवाणींत आसन एक व दावेदार दोन. आणि तें आसन, त्याचें नांव, कित्येकदां त्यावर रुजलेले विनोदाचे प्रकारदेखील कंपनीच्या मालकीचे! सूत्रधार हा त्या घरांत भाडेकरूच होय. जेथें एकाचा प्रवेश म्हणजे दुसऱ्याची हकालपट्टी, तेथें मित्रही वैरी होतात.

हें केवळ अमेरिकेचें नव्हे. मराठींत 'झी मराठी' वाहिनीवर ऑगस्ट २०१४ मध्यें सुरू झालेला 'चला हवा येऊ द्या' हा कार्यक्रम डॉ. निलेश साबळे यांच्या सूत्रसंचालनाखालीं घरोघर पोंचला व मार्च २०२४ मध्यें थांबला. पुढच्याच महिन्यांत साबळे हे भाऊ कदम यांच्यासह 'कलर्स मराठी' वाहिनीवर नव्या नांवाचा कार्यक्रम घेऊन आले. आणि जुलै २०२५ मध्यें जुनें नांव जुन्याच वाहिनीवर परतलें, तेव्हां सूत्रधाराच्या जागीं अभिजीत खांडकेकर होते. यांत कोणाचा दोष काढण्याचा आमचा हेतु नाहीं. नांव वाहिनीचें व माणूस स्वतःचा, एवढाच धडा येथें घ्यावयाचा आहे. दरम्यान 'सोनी मराठी' वर २०१८ पासून 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' प्राजक्ता माळी यांच्या सूत्रसंचालनाखालीं चाललेली असल्यामुळें प्रेक्षकांतही पक्ष पडले. 'तुमचा कोणता?' हा प्रश्न आमच्या वर्गांत जेवणाच्या सुटींत आम्हीं अनेकदां ऐकला आहे, व तो कधींकधीं हातघाईवर आलेलाही पाहिला आहे.

ज्या मनुष्यास आपण भेटलों नाहीं, ज्यास आपलें नांव ठाऊक नाहीं, त्याच्यासाठीं आपण भांडावें हें कसें घडतें? याचा उलगडा १९५६ सालीं डोनाल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल या दोन अमेरिकी विद्वानांनीं एका निबंधांत केला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, पडद्यावरील सूत्रधार आपल्या डोळ्याला डोळा भिडवून, जणूं आपल्याशींच बोलतो; नेमल्या वेळीं रोज भेटतो; आपल्या सहकाऱ्यांस सलगीनें हांक मारतो व त्या मंडळींत आपणांसही ओढून घेतो. त्यामुळें पाहणाऱ्याच्या मनांत खऱ्या मैत्रीसारखा भाव उत्पन्न होतो. परंतु ही मैत्री एकतर्फी असते. आपण त्यास ओळखतों. तो आपणांस ओळखत नाहीं. गोंधळांत मात्र स्थिति निराळी होती. नाईक यजमानाच्या घरचें अन्न खाई, त्याच्या पूर्वजांचीं नांवें घेई. तेथें परिचय दुतर्फी होता.

असो. एवढें मान्य केल्यावरही एकच सूत्रधार आवडतो व दुसरा आवडत नाहीं, याचीं कारणें उरतातच. आमच्या अवलोकनांत चार गुण प्रामुख्यानें आले. पहिला, नियमितपणा. जो ठरल्या वेळीं, सुखांत व दुःखांत सारखाच येतो, तो घरचा होतो. दुसरा, ऐकून घेण्याचें सामर्थ्य. पाहुण्यास बोलूं देणें व त्याचें बोलणें खुलेल असा पुढला प्रश्न विचारणें, हें स्वतः बोलण्याहून कठीण आहे. तिसरा, साथीदाराचा मान. २०१७ सालीं कपिल शर्मा व सुनील ग्रोव्हर या हिंदींतील विनोदकारांची जोडी फुटली तेव्हां लोक हळहळले, आणि २०२४ सालीं ते पुनः एकत्र आले तेव्हां लोकांस आनंद झाला. कारण प्रेक्षकांचें प्रेम एकट्यावर नसून त्या दोघांमधील जिव्हाळ्यावर असतें. चौथा व सर्वांत मोठा गुण, थट्टेची दिशा. जो आपल्याहून बलवानाची, किंवा स्वतःची थट्टा करतो, तो आवडतो. जो दुबळ्याची करतो, त्याच्यापुढें लोक हसतात खरे, पण घरीं जातांना त्याचें नांव प्रेमानें घेत नाहींत.

येथें आणखी एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. आवड वेगळी व हजेरी वेगळी. २०१० मध्यें पावसांत उभे राहिलेले लोक ओब्रायन यांचे होते. परंतु लेनो परत येतांच संख्येंत पुनः लेनोच पुढें गेले. ज्यांच्यासाठीं लोक रस्त्यावर आले त्यांच्यापाशीं प्रीति होती. ज्यांच्याकडे पाहत लोक सवयीनें डोळे मिटीत त्यांच्यापाशीं संख्या होती. कंपनीनें संख्या पाहिली. धंद्याच्या दृष्टीनें ती चुकली असें म्हणवत नाहीं; परंतु संख्येनें प्रीति मोजतां येत नाहीं, हेंही त्याच प्रकरणानें सिद्ध झालें.

वैराचा शेवट नेहमीं वैरांतच होतो असें मात्र नाहीं. फेब्रुवारी २०१० मध्यें, वाद ताजा असतांनाच, लेनो व लेटरमन हे गुपचूप एकत्र येऊन एका लहानशा जाहिरातींत एकाच कोचावर बसले, व आपल्याच भांडणाची त्यांनीं थट्टा केली. २०२३ सालीं लेखकांचा संप झाला तेव्हां कोल्बेअर, फॅलन, किमेल, मायर्स व ऑलिव्हर या पांच प्रतिस्पर्ध्यांनीं मिळून गप्पांचा एक श्राव्य कार्यक्रम काढला, आणि त्याचें उत्पन्न आपल्या बेकार बसलेल्या नोकरवर्गास दिलें. सप्टेंबर २०२५ मध्यें किमेल यांचा कार्यक्रम कांहीं दिवस थांबविण्यांत आला तेव्हां त्यांचे प्रतिस्पर्धीच त्यांच्या बाजूनें उघड बोलले. त्यापूर्वीं जुलैंत, कोल्बेअर यांचा कार्यक्रम मे २०२६ मध्यें कायमचा बंद करण्याचें त्यांच्या कंपनीनें जाहीर केलें होतें. म्हणजे भांडण्याचें आसनच आतां डळमळूं लागलें आहे. आणि आसन डळमळूं लागल्यावर प्रतिस्पर्ध्यांस कळलें कीं, आपण एकाच पागोट्याचे अलंकार आहों.

विद्यार्थिमित्रांनो, हा लेख तुम्हांस रात्रीं जागविण्यासाठीं लिहिलेला नाहीं. स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले कीं तुमच्यांतील कोणी तरी सूत्रधार होतो. दुसरा कोणी त्या जागेसाठीं झुरतो. ध्वनिवर्धक हातीं येतांच सर्वांत स्वस्त हशा कोणता, हें चतुर मुलास तत्काळ कळतें: बोलतांना अडखळणाऱ्या सोबत्याची नक्कल करावी, खेड्यांतून आलेल्या मुलाच्या बोलीची टर उडवावी, कोणाच्या फाटक्या सदऱ्याकडे बोट दाखवावें. हशा खात्रीनें पिकतो. परंतु त्या हशांत एक जण हसत नसतो, आणि पुढें कित्येक वर्षें तो ती संध्याकाळ विसरत नाहीं. आम्ही शिक्षक या नात्यानें अशीं मुलें पाहिलीं आहेत. तीं पुनः वर्गांत हात वर करीत नाहींत.

म्हणून यंदा ज्याच्या हातीं ध्वनिवर्धक येईल त्यानें नाईकाप्रमाणें आपली फजिती आपल्या साथीदाराकडून करवून घ्यावी. ज्यास ती जागा मिळाली नाहीं त्यानें रुसून न बसतां शाहिराप्रमाणें समोर उभें राहून चांगला सवाल टाकावा. आणि प्रेक्षकांत बसणाऱ्यांनीं दोघांसही टाळी द्यावी. कारण एकाचा जवाब रंगतो तो दुसऱ्याच्या सवालामुळेंच.